वजन कुठे, वळण कसे
प्रस्तावना

पोर्शे हे नाव लावून रस्त्यावर उतरलेल्या पहिल्या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्या पुढे होते. साल १९४८, महिना जून, ठिकाण ऑस्ट्रियातले ग्म्युंड हे आडगाव. युद्धानंतरच्या टंचाईत हाताशी होते ते मुख्यतः फोक्सवागन बीटलचे भाग. बीटलचे इंजिन गाडीच्या पार शेवटी असते. फेरी पोर्शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिन-गिअरबॉक्सची ती जोडी उलटी फिरवली आणि इंजिन चालकाच्या पाठीशी, मागच्या ॲक्सलच्या पुढे आणून बसवले. वळणावर चांगले वागण्यासाठी ती जागा उत्तम होती. मात्र सीटमागची सगळी जागा इंजिनानेच अडवली. गाडी गिऱ्हाइकाला विकायची, तर सामानाला आणि जमल्यास एखाद्या पोराला जागा हवी. म्हणून विक्रीच्या ३५६ या मॉडेलमध्ये जोडी पुन्हा बीटलसारखी बसली आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे गेले. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसलेल्या ९११ ने हीच मांडणी घेतली. रस्त्यावरच्या ९११ ने ती आजही सोडलेली नाही.

म्हणजे मागच्या इंजिनासाठी जी कंपनी जगभर ओळखली जाते, तिला मधल्या इंजिनाचा फायदा पहिल्या गाडीपासून ठाऊक होता. तरीही तिने दुसरी वाट धरली, त्या वाटेवरचे काटे वर्षानुवर्षे वेचले, आणि मधूनमधून पहिल्या वाटेवरही फेरी मारली. या पुस्तकाचा विषय त्या दोन वाटा आहेत. मागच्या ॲक्सलच्या पुढे इंजिन असलेली मिड-इंजिन गाडी आणि ॲक्सलच्या मागे इंजिन असलेली रिअर-इंजिन गाडी वळणावर वेगळ्या का वागतात, किती वेगळ्या वागतात, आणि त्या वेगळेपणातले किती खरोखर इंजिनाच्या जागेमुळे असते, हे इथे तपासायचे आहे.

आपल्याकडे गाडीची चौकशी ‘ॲव्हरेज किती देते?’ इथून सुरू होते. हौशी माणूस असला तर अश्वशक्ती आणि शून्य ते शंभरचे सेकंद इथवर मजल जाते. वळणावरचे वागणे, ज्याला सगळे हँडलिंग म्हणतात, त्याबद्दल ‘रस्ता धरून चालते’ एवढ्या एका वाक्यात निकाल लागतो. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत मात्र सगळा जीव या वागण्यातच असतो. सरळ रस्त्यावर जोरात पळणे पैसे ओतून साधता येते. वळणावर चारही टायरांकडून काम करून घेणे ही वजनाच्या मांडणीची गोष्ट आहे, आणि गाडीतली सर्वांत जड वस्तू बहुधा इंजिनच असते.

या विषयावर गप्पा सुरू झाल्या की पहिल्यांदा वजनाच्या विभागणीचे आकडे फेकले जातात. पुढच्या चाकांवर किती टक्के, मागच्या चाकांवर किती टक्के. आणि घोडे नेमके इथेच पेंड खाते. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटने कित्येक दशके पुढे ठेवलेले इंजिन २०२० च्या मॉडेलपासून मधे आणले. तिच्या वजनाची विभागणी पुढे सुमारे ४० टक्के, मागे सुमारे ६० टक्के आहे. आजच्या ९११ ची विभागणी यापासून फक्त एक-दोन टक्क्यांनी हलते. दोन्ही गाड्या वजनकाट्यावर चढवल्या तर काटा जवळजवळ सारखेच सांगेल. त्या एकाच वळणावर घाला, चालकाच्या कमरेला वेगवेगळे निरोप मिळतील. काट्याला जे दिसत नाही ते म्हणजे वजन मध्यापासून किती लांब आहे.

खांद्यावर कावड घेऊन चालणारा माणूस आठवा. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी. त्याला जागच्या जागी वळायचे असेल तर कावड आधी वळायला तयार होत नाही, आणि एकदा फिरू लागली की थांबायला तयार होत नाही. तेच पाणी दोन कळशांतून अंगालगत धरले तर वजन तेवढेच राहते, पण माणूस पटकन वळतो आणि पटकन थांबतो. भौतिकशास्त्र याला जडत्वाघूर्ण म्हणते. त्यातली मेख अशी की वजनाचे मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले तर वळायला होणारा विरोध चौपट होतो. कॉर्व्हेटचे इंजिन दोन ॲक्सलांच्या मधे आहे, त्यामुळे जड भाग गाडीच्या पोटाशी आहे. ९११ चे इंजिन मागच्या ॲक्सलच्या पलीकडे लटकते, म्हणजे तोच जडपणा टोकाला आहे. मिड-इंजिन गाडी स्टिअरिंग फिरवताच नाक वळवते, याचे मुख्य कारण हे.

आता एक वळण जवळून पाहू. उताराचा रस्ता, पुढे उजवीकडे आवळत जाणारे वळण, गाडी साठच्या दशकातली ९११. वळणात शिरताना हिचे नाक हलके असते, पुढच्या टायरांवर दाब कमी असतो. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी थोडी नाकासमोर सरकते. हा अंडरस्टिअर. नवखा चालक इथेच दचकतो. आपण जास्त वेगाने आलो असे त्याला वाटते आणि तो ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलतो. त्याबरोबर गाडीचे वजन पुढे झुकते. पुढच्या टायरांना अचानक पकड मिळते, नाक वळणात घुसते, आणि त्याच क्षणी मागच्या टायरांवरचा दाब कमी होतो. ज्या टोकाला इंजिन लटकलेले आहे, त्याच टोकाची पकड सुटते. शेपूट बाहेर निघते. हा ओव्हरस्टिअर. घाबरलेल्या चालकाने आता ब्रेक दाबला की उरलीसुरली पकडही जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. आधी सरळ जाऊ पाहणारी गाडी एक-दोन सेकंदांत उलटे तोंड करून उभी राहते. जुन्या ९११ ची जी ख्याती आहे ती या एका साखळीमुळे, आणि साखळीची पहिली कडी चालकाच्या उजव्या पायात आहे.

याच वळणावर अनुभवी माणूस काय करतो? ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत लावतो आणि वळणात शिरताना तो एकदम न सोडता हळूहळू सोडत जातो. त्यामुळे हलक्या नाकावर दाब टिकतो आणि नाक वळते. मग तो लवकर ॲक्सिलरेटरवर येतो. वजन मागे झुकते, इंजिनाखालचे टायर रस्त्यात रुततात, आणि गाडी वळणातून अशी सुटते की समान ताकदीच्या मिड-इंजिन गाडीलाही तिला गाठायला कष्ट पडावेत. इंजिन मागे असण्याचा हा नगद फायदा आहे. ताकद ज्या चाकांना मिळते त्यांच्यावरच वजन आहे, म्हणून चाके जागच्या जागी फिरत नाहीत. ब्रेकच्या बाबतीतही तसेच. जोरात ब्रेक लावल्यावर कोणत्याही गाडीचे वजन पुढे धावते. पुढे इंजिन असलेल्या गाडीत पुढचे टायर बेजार होतात आणि मागचे रिकामे राहतात. ९११ मध्ये आधीच मागे असलेले वजन पुढे येऊन चारही टायरांत बऱ्यापैकी वाटले जाते. तिचे ब्रेक चांगले मानले जातात, त्यात या मांडणीचा मोठा वाटा आहे.

पोर्शेच्या अभियंत्यांनी शेपूट सोडण्याची ही खोड कशी ताळ्यावर आणली, हा या विषयातला सर्वांत रंजक इतिहास आहे आणि पुस्तकातही त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना आतून प्रत्येकी ११ किलोचे बिडाचे ठोकळे बसवले होते. स्पोर्ट्‌स कारच्या जगात एकेका किलोसाठी भांडणे होतात, तिथे मुद्दाम २२ किलो लोखंड वाहून न्यायचे, यावरून अडचण किती खरी होती ते कळते. १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन होते तिथेच राहिले, पण चाके त्याच्याजवळ गेल्यामुळे लटकणारा भाग तेवढा कमी झाला. त्याच वेळी एका बॅटरीच्या जागी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत गेल्या. १९७२ मध्ये आलेल्या ९११ च्या कॅरेरा आरएस या आवृत्तीला मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर मिळाला, कारण वेग वाढला की हवा मागचा भाग उचलू पाहत होती. तिची मागची चाकेही पुढच्यांपेक्षा रुंद होती. मूळच्या ९११ ला चारही बाजूंना १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. आजच्या साध्या कॅरेराला पुढे २३५ आणि मागे २९५ चे आहेत. मागच्या वजनाचा इतका सरळ हिशेब दुसरीकडे कुठे लिहिलेला सापडणार नाही.

टायर रुंद का लागतात, हेही इथेच सांगून टाकतो. टायरवरचा दाब दुप्पट केला म्हणून त्याची बाजूची पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणजे ज्या टोकाला वजन जास्त, त्या टोकाचे टायर आपल्या भाराच्या मानाने आधी थकतात. हा नियम मोठ्या गाड्यांपुरता नाही. टाटांची नॅनो आठवत असेल. तिचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे होते आणि ताकद मागच्या चाकांना जात होती. तिला पुढे १३५ आणि मागे १५५ चे टायर होते. एक लाखाच्या गाडीत एक-एक रुपया वाचवताना दोन मापांचे टायर ठेवणे कुणाला परवडते? तरी ते ठेवले, कारण वजन मागे असले की तिथे रबर लागतेच.

९११ च्या खोडीचा सगळा दोष इंजिनाच्या जागेवर टाकणे मात्र बरोबर नाही. जुन्या ९११ चे मागचे सस्पेंशन तिरप्या एकाच बाहूवर चाक पेलणारे होते. पाय उचलला की रबरी बुश दबायचे आणि मागचे चाक किंचित बाहेरच्या दिशेने तोंड वळवायचे. म्हणजे शेपूट सुटायच्या क्षणी चाकही तिला बाहेर जायला मदत करायचे. पोर्शेने १९७७ च्या ९२८ मध्ये याच्या उलट करणारा मागचा ॲक्सल आणला. त्या गाडीचे इंजिन पुढे होते. ९११ ला अनेक दुव्यांचे नवे मागचे सस्पेंशन मिळाले ते थेट नव्वदच्या दशकातल्या ९९३ या पिढीत. इंजिन जिथल्या तिथे होते, तरी ‘पाय उचलला की फिरते’ ही तक्रार बरीच ओसरली. २०११ च्या ९९१ या पिढीत दोन ॲक्सलांमधले अंतर १०० मिलिमीटरने वाढवले, आणि २०१३ च्या जीटी३ मध्ये मागची चाकेही वळू लागली. मांडणी जुनी राहिली, गाडी नवी झाली.

सगळा दोष इंजिनाच्या जागेवर टाकण्याच्या याच चुकीची अमेरिकी आवृत्ती म्हणजे शेव्हरोले कॉर्व्हेअर. १९६० च्या या रिअर-इंजिन गाडीला मागे स्विंग ॲक्सल होते. जोराच्या वळणात त्याचे बाहेरचे चाक आत दुमडायचे आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जायचा. उपाय म्हणून टायरच्या हवेचा दाब पुढे १५ आणि मागे २६ पौंड ठेवायला सांगितले होते, आणि हा फरक पाळणारे मालक अर्थातच थोडे होते. अमेरिकी वकील राल्फ नेडर यांनी गाड्यांच्या सुरक्षेवरच्या १९६५ च्या आपल्या पुस्तकात कॉर्व्हेअरला धारेवर धरले. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या मॉडेलला पूर्णपणे नवे मागचे सस्पेंशन मिळाले होते. पुढे १९७२ मध्ये सरकारी तपासणीने जुनी कॉर्व्हेअरही त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असा निष्कर्ष काढला. तोवर लोकांच्या मनात निकाल लागून गेला होता, आणि त्या निकालात आरोपी स्विंग ॲक्सल नव्हता, मागचे इंजिन होते.

मिड-इंजिनचा इतिहास शर्यतीतून येतो. तीसच्या दशकात फेरींचे वडील फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी आखलेल्या ग्रां प्री गाड्यांत सोळा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या मागे होते. त्या चालवणे हे धाडसाचे काम होते, कारण ताकद अफाट, टायर अरुंद आणि मागे तेच स्विंग ॲक्सल. मोटारसायकलीवरून आलेल्या बेर्न्ड रोझेमायर यांना त्या वश झाल्या. युद्धानंतर इंग्लंडच्या कूपर या छोट्या कारखान्याने हीच मांडणी हलक्या गाडीत आणली. जानेवारी १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी अर्जेंटिनात कूपर पहिली आणली, आणि १९५९ व १९६० ची विश्वविजेतेपदे जॅक ब्रॅबहॅम यांनी कूपरमधून जिंकली. १९६० च्या मोंझा शर्यतीनंतर पुढे इंजिन असलेल्या गाडीने फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाची शर्यत जिंकलेली नाही. १९६६ मध्ये लॅम्बोर्गिनीच्या मिउराने बारा सिलिंडरचे इंजिन आडवे करून सीटमागे बसवले, आणि तेव्हापासून महागडी स्पोर्ट्‌स कार म्हटले की डोळ्यांसमोर हीच ठेवण येते.

शर्यतीतला हा निकाल इतका एकतर्फी आहे की मिड-इंजिन म्हणजे निर्दोष असा समज सहज होतो. टोयोटाच्या १९८९ च्या दुसऱ्या पिढीच्या एमआर२ ने तो समज अनेकांच्या डोक्यातून काढला. जी गाडी पटकन वळायला लागते, ती पटकन फिरतेही. जडत्वाघूर्ण कमी असल्यामुळे मर्यादा उंचावर असते, पण मर्यादा ओलांडल्यावर सावरायला मिळणारा वेळ कमी असतो. रिअर-इंजिन गाडीची शेपूट निघताना आधी वर्दी देते आणि मग जड पावलांनी जाते. मिड-इंजिन गाडी बराच वेळ काहीच बोलत नाही आणि एकदम जाते. टोयोटाने पुढच्या काही वर्षांत एमआर२ चे सस्पेंशन बदलले आणि मागचे टायर रुंद केले. तेच जुने औषध.

तुलनेसाठी सर्वांत चांगली उदाहरणे एकाच घराण्यातली असतात. अल्पिन ए११० या फ्रेंच गाडीचे इंजिन मागच्या ॲक्सलच्या मागे होते. तिने १९७३ चे, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेतले निर्मात्यांचे पहिलेच विजेतेपद मिळवले. बर्फ, खडी आणि डोंगरी वळणांवर मागचे वजन पकड देत होते. २०१७ मध्ये त्याच नावाने नवी ए११० आली तेव्हा इंजिन मधे होते आणि विभागणी ४४:५६. पोर्शेच्या घरातही मधे इंजिन असलेली केमन आणि ९११ बरीच वर्षे शेजारी शेजारी नांदल्या. २०१५ च्या केमन जीटी४ मध्ये कॅरेरा एसचे ३.८ लिटरचे इंजिन बसवले, पण ४०० ऐवजी ३८५ अश्वशक्तीवर ठेवले. मोठ्या भावाचा मान राखायला धाकट्याला थोडे दाबून ठेवले जाते, ही चाहत्यांची जुनी कुरकुर अशाच आकड्यांवर पोसली गेली.

मग शेवटचा शब्द कुणाचा? २०१७ च्या हंगामासाठी पोर्शेने आपल्या ९११ आरएसआर या शर्यतीच्या गाडीचे इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे आणले. मागे जागा मोकळी झाली, तिथे हवेच्या जोरावर गाडी रस्त्याकडे दाबणारा मोठा डिफ्यूझर बसला. २०१८ च्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती आपल्या गटात पहिली आली. हात मोकळे मिळाले की अभियंता इंजिन कुठे ठेवतो, याचे उत्तर खुद्द पोर्शेनेच दिले. दुसरीकडे २०२४ च्या ल मांमध्ये एलएमजीटी३ गटात जिंकलेली ९११ जीटी३ आर मागे इंजिन असलेलीच होती. त्या गटात आयोजक गाड्यांचे वजन आणि ताकद समपातळीवर आणतात, म्हणून हा विजय मांडणीचा पुरावा मानता येणार नाही. पण ही मांडणी चोवीस तास टिकून जिंकू शकते, एवढे त्यातून दिसतेच.

पुढच्या प्रकरणांत टायर, सस्पेंशन, वजनाचे स्थलांतर आणि हवा यांचा क्रमाने विचार येईल, आणि त्यानंतर एकेका गाडीचा. वाचकाने आधीची प्रकरणे ओलांडून थेट आवडत्या गाडीवर उडी मारली तरी हरकत नाही. फक्त एक सवय लावून घ्यावी. कुठल्याही गाडीबद्दल ‘ही मिड-इंजिन, म्हणून अशी’ किंवा ‘ही रिअर-इंजिन, म्हणून तशी’ असे वाक्य ऐकले की तीन प्रश्न विचारावेत. मागचे सस्पेंशन कोणते? टायर किती रुंद? आणि पाय केव्हा उचलला?

माझे मत लपवण्यात अर्थ नाही. कोऱ्या कागदावर फक्त वेगासाठी गाडी आखायची तर इंजिन मधे हवे. ज्या गाडीने रोज कामावर जायचे, मागच्या सीटवर मुलांना बसवायचे आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पकडही ठेवायची, तिच्यासाठी मागचे इंजिन आजही पटणारे उत्तर आहे, फक्त त्यावर अनेक वर्षांची मेहनत घेतलेली असावी. आणि इथे वाचलेले आजमावून पाहावेसे वाटले, तर ते घाटात नव्हे, बंद ट्रॅकवर आणि शिकवणाऱ्या माणसाला शेजारी बसवून करावे. घाटातल्या वळणाच्या पलीकडून कोण येते आहे, हे कोणत्याच मांडणीच्या गाडीला दिसत नाही.